‘अंतरा’ची सुई आणि कॅलेंडरवरच्या टिकल्या

कुंभारीच्या घरकुलात विड्या वळणाऱ्या एका बाईनं मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं होतं. ‘अंतरा’ ही गर्भ राहू नये म्हणूनची सुई घेतल्यापासून ज्या दिवशी डाग दिसला, त्या तारखेवर तिनं काजळाची टिकली लावली होती. एका महिन्यात एकोणीस टिकल्या. “रक्त थोडंच जातंय बघा ताई, पण महिनाभर बाहेरचीच होऊन बसलेय,” ती म्हणाली. देवघराकडं जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही. चार दिवसांचा नियम एकोणीस दिवस चालला. दुसरी सुई तिनं घेतलीच नाही. असं अंगावर जाईल हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

ही तक्रार गर्भनिरोधक गोळीइतकीच जुनी आहे. १९५६ साली पोर्तो रिकोत गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टिन या हार्मोनसोबत मेस्ट्रानॉल नावाचं इस्ट्रोजेन, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं हार्मोन, चुकून मिसळलेलं निघालं. ते काढून गोळी शुद्ध केली, तर अवेळी रक्तस्राव वाढला. मग तेच मुद्दाम परत घातलं. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. नुसत्या प्रोजेस्टिननं ते पातळ होतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि कधीही पाझरतात. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी सुमारे १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत असल्याचं कळवलं होतं. वरिष्ठांनी ते बरंचसं मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं. मला या इतिहासात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

आपल्याकडं १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटानचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी झाली, तेव्हा आपल्यावर प्रयोग होतोय हेही बायकांना नीट सांगितलं नव्हतं. त्याविरुद्ध १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. (आषाढीला पंढरपूरला जाण्याआधी पाळी पुढं ढकलायला बायका मेडिकलमधून जी गोळी आणतात, तिच्यातही बहुधा तेच औषध असतं, नॉरएथिस्टेरॉन.) ‘अंतरा’मधलं औषध वेगळं, डीएमपीए. त्याला देशात १९९३ मध्ये परवानगी मिळाली, पण संघटनांच्या विरोधामुळं सरकारी कार्यक्रमात ते २०१७ मध्येच आलं. दर तीन महिन्यांनी एक सुई, मोफत. त्यात नुसतं प्रोजेस्टिन आहे, इस्ट्रोजेन नाहीच, म्हणून डाग येतात.

पहिले तीन ते सहा महिने हा त्रास जास्त असतो. वर्षभर सुई चालू ठेवली तर जवळपास निम्म्या बायकांची पाळी येतच नाही, आणि त्यानंही घाबरायचं कारण नाही. रक्त पोटात साठत नसतं. डाग लांबले तर डॉक्टर आधी गर्भ किंवा जंतुसंसर्ग नाही ना हे बघतात आणि मग आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाच दिवस देतात. जिला इस्ट्रोजेन चालतं तिला काही दिवस साधी गर्भनिरोधक गोळीही देता येते. रक्त जाण्यात सुईचं काम कमी झालं असा अर्थ नसतो, म्हणून तारीख आली की पुढची सुई घ्यायला हरकत नाही. पण तासा-दीड तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि टिकल्या लावलेलं कॅलेंडर भिंतीवरून काढून सोबत न्यायचं.