लोककलावस्तूंचा संग्रह, ग्रामीण विदर्भातील

देवघर, सण, शेती व घरकाम यांसाठी घडवलेल्या जुन्या वस्तू, तसेच त्याच वळणाचे नवे काम जमवण्याचा छंद व त्यावर चालणारा व्यापार. जगभरच्या लोककलेचा संग्रह म्हणून अमेरिकेतील सँटा फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाचा (१९५३) उल्लेख होतो. अमेरिकी रचनाकार अलेक्झांडर जिरार्ड यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक वस्तू तेथे आहेत. महाराष्ट्रात पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तूंना संग्रहालयात जागा मिळवून दिली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (१८६३), म्हणजेच अजब बंगला, हे विदर्भातील सर्वांत जुने होय.

विदर्भातून संग्राहक प्रामुख्याने तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी नेतात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे नंदी सजवून दारोदार नेतात व बोजारा (खाऊ वा पैसे) मिळवतात. ही प्रथा नागपूरकर दुसरे रघुजी भोसले (कारकीर्द १७८८–१८१६) यांनी सुरू केली असे परंपरा सांगते. वर्षाबद्दल मात्र एकमत नाही : काही जण १७८९ सांगतात, तर काही १८०६. दोन्ही वर्षे त्याच कारकिर्दीत बसत असल्याने १८ व्या शतकाची अखेर ते १९ व्या शतकाचा आरंभ एवढेच म्हणणे सुरक्षित. शिवाय दरबारी उत्सवाचा आरंभ हाच लाकडी बैलाचाही आरंभ मानण्याचे कारण नाही. सुताराने पोराला बैल करून द्यायला राजाज्ञा लागत नाही. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे.

नंदीचे वय ठरवणे अवघड. पोळा जवळ आला की त्याला नवा रंग चढतो, चाके बदलतात, मोडलेले शिंग दुसऱ्या लाकडाचे बसते. त्यामुळे वरचा रंग पाहून काहीच सांगता येत नाही. कान किंवा खूर जेथे टवका उडालेला असेल तेथे रंगाचे थर मोजावेत, पोटाखालचा न रंगवलेला भाग पाहावा. गोल यंत्रकरवतीच्या कमानदार खुणा तेथे दिसल्या, तर फार जुनेपणाचा दावा सोडावा लागतो. उलट, हातकरवतीच्या सरळ खुणा म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण खेड्यातील सुतार ती अजून वापरतात. घराण्यात सांगितला जाणारा ‘पणजोबांचा नंदी’ बहुधा खरा असतो, पण त्यातले किती लाकूड पणजोबांच्या काळचे, हा प्रश्न उरतोच.

गडचिरोली-चंद्रपूरकडून येणाऱ्या ओतीव पितळी देवमूर्तींबाबत वाद ठिकाणाचा आहे. मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, ही पद्धत बस्तरचे घडवा व आदिलाबादचे ओझा कारागीर वापरतात. मूर्ती गडचिरोलीतील भामरागडात मिळाली म्हणून ती तेथेच ओतली असे ठरत नाही. साचा दरवेळी फोडावा लागत असल्याने दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात; धातूवरचा काळपटपणा मात्र रसायनांनी आणता येतो.

पुरावशेष व कलासंपत्ती अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी लाकडी वा धातूची कलाकृती पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकासमोर दीडशे वर्षांचा असलेला नंदी निर्यातीच्या कागदावर बराच तरुण होतो.

समकालीन कामांत गडचिरोलीचे बांबूकाम व भद्रावतीचे मातीकाम यांना मागणी आहे. ‘विदर्भातील गोंड चित्रे’ म्हणून विकली जाणारी रंगचित्रे बहुतेक मध्य प्रदेशातील पाटनगड येथील परधान (गोंडांची एक शाखा) चित्रकारांच्या शैलीची असतात. ती जनगढसिंह श्याम यांच्यापासून, १९८० नंतर, कागद व कॅनव्हासवर रुळली.