शालेय सादरीकरणातील चित्र आणि ध्वनी

धडा शिकवताना पडद्यावर दाखवायच्या स्लाइडमध्ये छायाचित्र, आकृती, नकाशा किंवा ध्वनिमुद्रण बसवण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात अशा सादरीकरणाला सरसकट ‘पीपीटी’ म्हणतात, मग ते पॉवरपॉइंटमध्ये केलेले असो की मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये.

चित्र आणि आवाज यांची ही जोडी संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडली आणि निवेदन व संगीताच्या साथीने पौराणिक कथा दाखवल्या. या खेळांचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. पॉवरपॉइंट आले ते १९८७ मध्ये, तेही आधी मॅकिंटॉश संगणकासाठी.

आवाजाचे खरे काम कळते ते आवाजावाचून अडणाऱ्या धड्यात. पावशा घ्या. पावसाच्या तोंडावर तो ओरडू लागतो आणि मराठी कानाला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते. हे दोन शब्द फळ्यावर कितीही मोठे लिहिले तरी त्यांतली चढत जाणारी हाक मुलांपर्यंत पोहोचत नाही. पक्ष्याचे चित्र समोर ठेवून दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण लावले की पोहोचते. कोकिळेच्या बाबतीत चित्राकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. ‘कुहू’ म्हणणारा असतो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी आणि अंगभर पांढरट ठिपक्यांची. भाषेने गाणे कोकिळेला देऊन टाकले आहे, त्यामुळे नराच्या आवाजावर मादीचे छायाचित्र सहज चिकटवले जाते आणि मूल ती चूक पाठ करून घरी जाते.

चित्र आणि आवाज एकमेकांना धरून असतील तरच उपयोग होतो. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मेयर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वीज कशी पडते हे चलचित्र व निवेदनातून समजावले होते. ज्यांना त्यामागे संगीतही ऐकवले, त्यांच्या लक्षात कमी राहिले. म्हणून स्लाइड बदलताना वाजणाऱ्या टाळ्या आणि धड्याखाली सतत चालू असलेली धून काढून टाकावी. पडद्यावरचा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवणारे निवेदनही नको. मुले एकाच वेळी वाचतात आणि ऐकतात, आणि चित्राकडे पाहायचे राहूनच जाते.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे. ‘इन्सर्ट’मधून चित्र किंवा ऑडिओ निवडला की काम होते, ऑडिओच्या जागी कर्ण्याचे छोटे चिन्ह दिसते. आवाज आपोआप सुरू न करता क्लिकवर ठेवावा, म्हणजे ‘आता ऐका’ म्हणून वर्ग शांत करायला वेळ मिळतो. चित्र लहानमोठे करताना कोपरा धरून ओढावे. मधली कड ओढली की महाराष्ट्राचा नकाशा चपटा होतो आणि मुले तोच वहीत उतरवतात.

वजनाचाही विचार हवा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० बिंदूंचा असतो. फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचाच, म्हणजे बाकीचे बिंदू फाइल फुगवण्यापलीकडे काही करत नाहीत. सीडीच्या दर्जाची, न दाबलेल्या आवाजाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, दाबून लहान केलेली १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपी३ सुमारे १ एमबी.

घरी वाजणारा आवाज शाळेत मुका होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे दुवा. पॉवरपॉइंट २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत एमपी३ फाइल सादरीकरणात साठत नसे, तिचा फक्त पत्ता साठे. पेन ड्राइव्हवर पीपीटी एकटीच आली की पत्ता सापडत नसे. २०१० च्या आवृत्तीपासून ध्वनी आतच बसतो. तरी जुन्या संगणकासाठी दोन्ही फाइली आधी एका फोल्डरमध्ये ठेवून मग जोडाव्यात आणि तो फोल्डरच उचलून न्यावा.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात कलाकृतीची प्रत वापरण्याची मुभा आहे. तीच पीपीटी इंटरनेटवर सर्वांसाठी टाकायची तर ही मुभा पुरेल असे धरू नये. तेव्हा विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहावरची चित्रे आणि झेनो-कँटो या संकेतस्थळावरचे पक्ष्यांचे आवाज परवाना वाचून घ्यावेत व कर्त्याचे नाव त्याच स्लाइडवर द्यावे. पावशाचा आवाज झेनो-कँटोवर आहेच, पण जूनमध्ये शाळेच्या आवारात तो ओरडत असेल तर मुलांच्या हाती मोबाइल देऊन तिथलाच मुद्रित करावा.