हटारी! (चित्रपट)

हटारी! हा १९६२ सालचा हॉलिवूडचा जंगल-साहसपट, डायरेक्टर हॉवर्ड हॉक्स आणि हिरो जॉन वेन. नाव स्वाहिली आहे, अर्थ धोका, आणि गंमत म्हणजे ज्या अरबी शब्दावरून आपल्याकडे खतरा आला त्याच शब्दाचं तिकडे हटारी झालं. बाहेरचं शूटिंग टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, अरुशाच्या आसपास झालं.

गोष्ट म्हणावी तर अगदी थोडीच आहे. जगभरच्या झूंना जिवंत प्राणी पकडून देणारी एक टोळी, त्यांचा एक सीझन, हातात ऑर्डरींची यादी, आणि त्यातला गेंडा काही केल्या हाती लागत नाही. व्हिलन कोणी नाहीच. मला वाटतं लहान मुलांना हा पिक्चर इतका भिडतो तो इथेच, कारण यातली मोठी माणसं दिवसभर धुळीत गाड्या पळवतात, दोर टाकतात, पडतात, आणि संध्याकाळी सगळी मिळून जेवायला बसतात, म्हणजे मुलांना मोठं होऊन जे करायचं असतं नेमकं तेच.

पकडायची पद्धत नीट बघण्यासारखी आहे. उघड्या ट्रकच्या पुढच्या बाजूला एक सीट, त्यावर पकडणारा बसलेला, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला दोराचा फास. दुसरी गाडी प्राण्याला वळवून आणते, ट्रक त्याच्या बरोबरीने पळतो, फास गळ्यात पडला की सगळे उड्या मारून पायांना दोर बांधतात. ही दृश्यं नटांनी स्वतः केली आहेत, जनावरं खरी, वेगही खरा, आणि कुठला प्राणी कधी कसा वागेल हे आधी लिहिता येणार नव्हतं म्हणून बरीचशी गोष्ट शूटिंग होता होताच बनत गेली. सुरुवातीलाच गेंडा गाडीला धडका देतो आणि एका माणसाचा पाय फाडतो तेव्हा पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. रसेल हार्लनला छायाचित्रणासाठी ऑस्कर नामांकन मिळालं होतं.

दुसरा भाग हत्तीच्या पिल्लांचा. आई गेलेलं एक पिल्लू फोटोग्राफर डॅलस (एल्सा मार्टिनेली) हट्टाने वाचवते, त्याच्या दुधासाठी बकऱ्या आणाव्या लागतात, मग पिल्लं तीन होतात आणि ती जाईल तिकडे मागे मागे. तिला नाव पडतं मामा टेंबो, टेंबो म्हणजे हत्ती. हेन्री मॅन्सिनीचं बेबी एलिफंट वॉक इथलंच, डुलत डुलत जाणारी ती धून पिक्चर न बघितलेल्यांनाही माहीत असते. शिवाय रॉकेटने झाडावर जाळं टाकून माकडं पकडायचा प्रसंग आहे, तो तर मुलांचा खास.

आज मोठेपणी बघताना मात्र जिराफाला धाप लागेपर्यंत पळवलेलं बघवत नाही, तेव्हा हे कोणाला चुकीचं वाटत नव्हतं आणि आता वाटतं, हे बरंच झालं. तरी ते मोकळं गवताळ रान, आणि त्यातून उधळलेले झेब्रे परत परत बघावेसे वाटतात. यात काम केलेला जर्मन नट हार्डी क्रूगर तर त्या मुलखाच्या असा प्रेमात पडला की त्याने तिथेच मोमेलाला जमीन घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं तो तिथे राहिला.