गंज हवा खातो तेव्हा

जहाजाची बॅलास्ट टाकी, म्हणजे तोल राखायला पाणी भरायची टाकी, कित्येक महिने झाकण बंद. आत तेल नाही, रसायन नाही, कसला वासही नाही. तळाला थोडं पाणी आणि चारी बाजूंना उघडं पोलाद. अशा टाकीत उतरणारा माणूस शिडी संपायच्या आत कोसळू शकतो. पोलाद गंजताना ऑक्सिजन खातं. उघड्यावर त्याची भरपाई होत राहते, बंद टाकीत ती होत नाही.

गुदमरल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. इथे तो उच्छ्वासातून नेहमीसारखा बाहेर जात असतो, त्यामुळे शरीर कुरकुरतच नाही. ऑक्सिजन ६ टक्क्यांच्या आसपास असेल तर काही श्वासांतच शुद्ध जाते. ‘जरा डोकावून बघतो, त्रास झाला तर वर येईन’ हा हिशेब म्हणूनच फसतो.

त्यामुळे माणसाआधी मीटर आत जातो, आणि तो आधी ऑक्सिजन मोजतो. मोकळ्या हवेत हे प्रमाण २०.९ टक्के असतं. अमेरिकेतल्या गोद्यांच्या नियमांनुसार आत काम करायला ते किमान १९.५ आणि २२ टक्क्यांच्या खाली लागतं. मग ज्वलनशील वायू, शेवटी विषारी. हा क्रम नुसता शिस्तीचा भाग नाही. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरमध्ये एक इवलासा तापलेला मणी असतो. वायू त्यावर जळतो, मणी आणखी तापतो, त्यावरून आकडा मिळतो. पण जळायला ऑक्सिजनच पुरेसा नसेल तर? टाकी वायूने भरलेली असूनही मीटर भलताच कमी आकडा दाखवेल.

ऑक्सिजनचा आकडाही नीट वाचावा लागतो. समजा, मीटरवर २०.४ आलं. नियमात बसतं! पण कमी पडलेला अर्धा टक्का गंजाने खाल्ला नसून दुसऱ्या वायूने ढकलून बाहेर काढला असेल, तर तो वायू हवेत सुमारे २.४ टक्के, म्हणजे २४,००० पीपीएम (दहा लाख भागांत २४,००० भाग) आहे, कारण ऑक्सिजन हवेचा जेमतेम पाचवा हिस्सा, त्याच्यासोबत बाकीची हवाही ढकलली जाते. हायड्रोजन सल्फाइड १,००० पीपीएमलाच झटपट जीव घेतो. शिवाय १०० पीपीएमच्या आसपास तो नाकच बधिर करतो. सडक्या अंड्याचा वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे. मला विचाराल तर ‘मर्यादेत आहे ना?’ यापेक्षा ‘२०.९ का नाही?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

मोजायचं वर, मध्ये आणि तळाशी. वेल्डिंगचा आर्गॉन हवेहून जड, तो खाली साचतो. मिथेन वर जातो.

ऑक्सिजन जास्त झाला तर आणखी वेगळं संकट. सप्टेंबर १९७६ मध्ये इंग्लंडच्या टाइन नदीकाठी ‘एचएमएस ग्लासगो’ या युद्धनौकेचं काम सुरू होतं. आत रात्रभर राहिलेल्या नळीतून ऑक्सिजन गळत राहिला. सकाळी वेल्डरने काम सुरू करताच भडका उडाला आणि ८ कामगार गेले. ऑक्सिजनने समृद्ध हवेत साधे कपडेही भयंकर वेगाने पेटतात. म्हणूनच काम थांबलं की गॅसच्या नळ्या बाहेर काढून ठेवायच्या असतात.

सकाळचं मोजमाप दुपारी चालत नाही. तळातला गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो, रंगातून द्रावकांच्या वाफा निघतात. ब्लोअर चालू ठेवावा लागतो आणि मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

राहिला मॅनहोलवर उभा असलेला माणूस. आतला पडला की याचा पाय आपसूक शिडीवर जातो. बंदिस्त जागांतल्या बळींपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असं अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं. गाळणीचा मास्कही इथे कुचकामी, कारण तो वायू अडवतो, ऑक्सिजन आणत नाही. म्हणून वरच्या माणसाने हाक द्यायची, मदत बोलवायची, दोरी बांधलेली असेल तर ओढायचं. आत उतरायचं ते पाठीवर हवेची टाकी बांधलेल्या बचाव पथकाने.