डुकरांतील नव्या विषाणुरोगांचा जनुकीय अभ्यास (ठाणे–नवी मुंबई)

डुकरांत नव्याने शिरलेल्या किंवा रूप पालटून उसळलेल्या विषाणूंची जनुके वाचून रोग कोणता, कुठून आला आणि कसा पसरतो आहे, हे शोधणारी ही अभ्यासशाखा. आफ्रिकन स्वाइन फीवर, क्लासिकल स्वाइन फीवर, पीआरआरएस (डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर घाला घालणारा विषाणुरोग) आणि पिलांना खंगवणाऱ्या सर्कोव्हायरसचा संसर्ग हे भारतातील तिचे प्रमुख विषय.

जनावराला सडकून ताप भरतो, कान आणि पोटाखालची कातडी लाल-जांभळी पडते, खाणे सुटते, एक-दोन आठवड्यांत ते दगावते. ही लक्षणे दोन्ही स्वाइन फीवरमध्ये दिसतात. अनुभवी पशुवैद्यालाही नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. क्लासिकलवर लस आहे, आफ्रिकनवर भारतात नाही. त्यामुळे विषाणूचे जनुकीय द्रव्य ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीशिवाय पुढचे पाऊल टाकणे धोक्याचे.

क्लासिकलचा विषाणू आरएनएचा, सुमारे 12,300 जनुकीय अक्षरांचा. तो भराभर बदलतो. आफ्रिकनचा डीएनए 1,70,000 ते 1,90,000 अक्षरांचा असून त्यात दीडशेहून अधिक जनुके आहेत. तो सावकाश बदलतो. त्याची वर्गवारी पी72 या प्रथिनाच्या जनुकावरून करतात. जॉर्जिया (2007), चीन (2018) आणि आसाम-अरुणाचल (2020) इथे सापडलेला विषाणू जनुकप्रकार 2 चाच. अडचण इथेच आहे: या एका जनुकावरून सगळे सारखेच दिसतात. ठाण्यातल्या एखाद्या गोठ्यात विषाणू कोणत्या राज्यातून आला, हे कळायचे तर जनुकांमधल्या पुनरावृत्त तुकड्यांची तुलना करावी लागते, शक्य तर संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. केवळ ‘पॉझिटिव्ह’ अहवालावर थांबणे म्हणूनच अपुरे आहे.

जनुकांच्या अभ्यासातून लसही निघते. व्हिएतनाममध्ये आय177एल हे जनुक काढून टाकलेल्या विषाणूची लस वापरात आली आहे. मात्र प्रकार 1 आणि 2 यांच्या मिश्रणातून बनलेले विषाणू चीनमध्ये आढळल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले; त्यामुळे एकच लस सगळ्यांवर चालेल असे धरून चालता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत हा विषय उष्ट्या-खरकट्याशी जोडलेला आहे. हॉटेलांचे उरलेले अन्न हे डुकरांचे स्वस्त खाद्य. नाल्याकाठी आणि कचऱ्याच्या ढिगांवर मोकाट डुकरेही तेच खातात. खारवलेल्या किंवा गोठवलेल्या मांसात आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू महिनोन्महिने तग धरतो. जॉर्जियात तो पोती बंदरात जहाजावरून टाकलेल्या खरकट्यातून शिरला असावा, असे मानतात. नवी मुंबईलगत न्हावाशेवा बंदर असल्यामुळे ही घटना इथे विशेष लक्षात ठेवायला हवी. खरकटे द्यायचेच असेल तर 90 अंश सेल्सिअसवर किमान तासभर ढवळत तापवावे.

तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त, मेलेल्या जनावराची प्लीहा, लसिकाग्रंथी आणि टॉन्सिल घेतात. नमुने बर्फाच्या डब्यातून जातात. पक्के निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. धास्तीने मेलेले डुक्कर परस्पर पुरले किंवा खाडीत टाकले, की नमुनाही जातो आणि माग काढण्याची संधीही. पशुसंवर्धन विभागाला कळवणे 2009 च्या पशुरोग नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे.

आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. 2009 चा स्वाइन फ्लू हा वेगळा, इन्फ्लूएंझाचा विषाणू. परंतु मलेशियात 1998-99 मध्ये निपाह डुकरांमार्फतच माणसांत आला आणि शंभरावर लोक दगावले.