हवेतला सीओटू मोजायला इतका उशीर का लागला

हल्ली बातम्यांमध्ये ४२० पीपीएम, ४२५ पीपीएम असले आकडे येतात आणि आपण वाचून सोडून देतो. पीपीएम म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे किती, एवढंच. पण गंमत अशी की या वायूने पृथ्वी तापते हे आधी कळलं आणि तो हवेत वाढतोय का हे नीट मोजायला त्यानंतर शंभर वर्षं गेली.

१८५६ मध्ये युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यात हा वायू भरून उन्हात ठेवला, तर साध्या हवेपेक्षा तो जास्त तापला आणि थंड व्हायलाही जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी टिंडल या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दाखवलं की तो उष्णता शोषतो. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हाताने गणितं करून सांगितलं की हा वायू दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, आणि त्याला त्यात काही वाईटही वाटलं नाही, थंड देशातला माणूस! पुढे १९३८ मध्ये कॅलेंडर या इंजिनिअरने सांगितलं की तापमान वाढायला लागलंय आणि कारण कोळसा जाळून निघणारा हाच वायू, पण फार कुणी मनावर घेतलं नाही, कारण जुनी मोजमापं एकमेकांशी जुळतच नव्हती. शहरात मोजा, जंगलात मोजा, दुपारी मोजा, रात्री मोजा, दरवेळी वेगळाच आकडा.

हा घोळ मिटवला अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंगने. आधी त्याचं काम म्हणजे आतली हवा काढून टाकलेला काचेचा फ्लास्क घ्यायचा, वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखायचा आणि मग तोटी उघडायची, कारण आपल्या उच्छ्वासात हा वायू बाहेरच्या हवेच्या शंभरपट असतो, जरा चुकलं की सॅम्पल गेलं. मग मार्च १९५८ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर, साधारण ३४०० मीटर उंचीवर, इन्फ्रारेड किरणांनी हा वायू मोजणारं मशीन बसलं. पहिलं रीडिंग ३१३ पीपीएमच्या आसपास. नंतरच्या महिन्यांत आकडा आधी चढला मग उतरला, मधेच वीज जायची, कीलिंगला वाटलं हे काही खरं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं तेव्हा लक्षात आलं, उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातली झाडं हा वायू ओढून घेतात आणि थंडीत पानं कुजली की परत सोडतात. म्हणजे पृथ्वीचा श्वासच दिसत होता, पण प्रत्येक वर्षी आलेख थोडा वरच्या पायरीवर.

मौना लोआ तर ज्वालामुखी, मग त्याच्यावर कशाला मोजता, हा प्रश्न हमखास येतो. तिथल्या विवरातून आलेली हवा रीडिंगमध्ये लगेच ओळखू येते, ती बाजूला काढतात.

आणि हा वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? तर कोळसा-तेल इतकं जुनं की त्यातला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप कमी होत जाणारा किरणोत्सारी कार्बन, कधीच संपलेला, आणि हवेतलं त्याचं प्रमाण तसंच पातळ होताना १९५० च्या दशकातच स्यूस या शास्त्रज्ञाला दिसलं होतं. पुढे अंटार्क्टिकाच्या बर्फातले बुडबुडे फोडून आठ लाख वर्षांची हवा तपासली, तर आकडा साधारण १८० ते ३०० च्या मधेच. कारखान्यांच्या आधी २८० होता, २०१३ च्या मेमध्ये मौना लोआवर ४०० ची रेघ शिवली.

मधे १९६४ मध्ये पैशांअभावी काही महिने मोजणी बंद पडली होती, आलेखात ती फट अजून दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर मौना लोआच फुटला, लाव्ह्याने रस्ता आणि वीज दोन्ही तोडलं, तेव्हा शेजारच्या मौना केआ डोंगरावर मशीन लावून रीडिंग घेत राहिले.