श्वसनमार्गीय विषाणुसंसर्ग : धूम्रपान, वय व लिंग यांचा संबंध

श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गाचा धूम्रपान, वय व लिंग यांच्याशी असलेला संबंध तपासताना संसर्ग होणे आणि झालेला आजार बळावणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. या विषयातील बरेचसे मतभेद त्यांची गल्लत झाल्यामुळे निर्माण झाले आहेत.

धुरामुळे श्वासनलिकेच्या अस्तरावरील पक्ष्माभिकांची (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची) हालचाल मंदावते, श्लेष्मा साचतो आणि आत आलेले विषाणू बाहेर लोटले जात नाहीत. इझ्राएली सैन्यातील ३३६ तरुणांच्या, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के, तर न करणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के जणांना इन्फ्लुएंझा झाल्याचे आढळले.

कोविड-१९ बाबत मात्र वाद झाला. २०२० च्या पूर्वार्धात चीन व फ्रान्समधील रुग्णालयांत दाखल झालेल्यांमध्ये धूम्रपान करणारे अपेक्षेपेक्षा कमी दिसले आणि निकोटीन संरक्षक असावे, असे गृहीतक काही फ्रेंच संशोधकांनी मांडले. उलट, विषाणू पेशींवरील ज्या एसीई-२ ग्राहीला (प्रथिनाला) चिकटतो, तो धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकांत अधिक असल्याचे त्याच वर्षीच्या काही अभ्यासांत दिसले. अर्थात ग्राही जास्त म्हणजे संसर्गही जास्त, असे त्यावरून थेट सिद्ध होत नाही. साथीच्या धांदलीत सवयींच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या आणि आजारपणामुळे विडी-सिगारेट नुकतीच सोडलेले रुग्ण ‘धूम्रपान न करणारे’ या गटात मोजले गेले असणे संभवते. धूम्रपानामुळे आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत अधिक ग्राह्य वाटते.

वयाचा परिणाम सर्व विषाणूंत सारखा नाही. प्रतिकारपेशी घडवणारी यौवनलोपी ग्रंथी (थायमस) आक्रसल्याने उतारवयात नव्या विषाणूंविरुद्धचा प्रतिकार कमी होतो, तर १९१८ च्या इन्फ्लुएंझाने विशेषतः वीस ते चाळीस वयाच्या माणसांचा बळी घेतला.

कोविड-१९ मध्ये पुरुषांचा मृत्युदर बहुतेक देशांत अधिक राहिला. विषाणू ओळखणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि हे गुणसूत्र स्त्रियांत दोन, तर पुरुषांत एकच असते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मात्र १९१८ मध्ये भारतात स्त्रियांचे मृत्यू अधिक झाल्याचे लोकसंख्याविषयक अभ्यास दर्शवितात. तेव्हा हा फरक केवळ शारीरिक नसून पोषण, शुश्रूषेचा भार व धुराशी येणारा संपर्क यांवरही अवलंबून असावा.

मराठवाड्यात हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर धूरविरहित तंबाखूचे सेवन २४.४ टक्के करतात. त्यामुळे केसपेपरवर नुसते ‘तंबाखू : होय’ असे लिहिले, तर विडी ओढणारा पुरुष, चुना-तंबाखू मळणारा शेतकरी आणि मिश्री लावणारी स्त्री एकाच गटात जातात, जरी धुराचा थेट आघात त्यांपैकी पहिल्याच्याच पक्ष्माभिकांवर होत असला तरी. याउलट, पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्यांवर स्वयंपाक करणारी स्त्री आयुष्यभर धूर घेऊनही धूम्रपान न करणारीच गणली जाते. बीड व लगतच्या भागांतील ऊसतोड कुटुंबे हिवाळाभर कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांमध्ये) राहतात, तिथे चूल जवळच पेटते आणि तान्ही मुले व म्हातारी माणसेही त्याच धुरात वावरतात. भारतात पावसाळ्याखेरीज इन्फ्लुएंझाचा दुसरा जोर हिवाळ्यातच असतो.